बोट विकताना फळी उचलून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत केबिनवाल्या बोटींवर आलेला पानभर लेख वाचला. पांढरा सोफा, ओट्याएवढं स्वयंपाकघर, चौघांची झोपायची सोय, मांडव्याचा सूर्यास्त, सगळं त्यात होतं. फक्त बोटीचं इंजिन एकाही फोटोत नव्हतं. नाशिकमध्ये असे लेख वाचून बोटीची चौकशी करणारे लोक आता भेटू लागलेत. त्यांनी पैसे मोजण्याआधी काही गोष्टी वाचाव्यात, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्यतो कापू नये.

माझे धाकटे साडू पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष बागायतदार. त्यांनी आणि मी भागीत एक जुनी, अठ्ठावीस फुटी परदेशी बनावटीची क्रूझर, म्हणजे अशीच केबिनवाली बोट, घेतली. पैसा बराचसा त्यांचा, हात माझे. मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो. मिग-२१ साठी १९६४ साली उभा राहिलेला तो कारखाना. विमानाच्या अंगावर जागोजागी झाकणं असतात. ज्या भागाची तपासणी ठरावीक तासांनी करायची, तिथे झाकण असणारच, आणि प्रत्येक झाकणाला नंबर. पाना घेऊन माणूस तिथपर्यंत कसा पोहोचेल, हे चित्र काढणाऱ्याने कागदावरच ठरवलेलं असतं. आयुष्यभर ही शिस्त पाहिलेल्या माणसाला आमच्या बोटीच्या पोटात शिरल्यावर काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढणारा एक पंप असतो. त्यात रबरी पात्यांचं चाक असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. पाणी थोडा वेळ जरी बंद झालं तरी ही पाती करपतात, तुकडे पुढे नळीत अडकतात आणि इंजिन तापतं. म्हणजे हा मुळातच वरचेवर बदलायचा भाग. आमच्या बोटीत तो इंजिनाच्या पुढच्या तोंडाला आहे आणि ते तोंड केबिनच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं आहे. मधे पंजा आडवा जातो, मूठ जात नाही. डेकच्या झाकणातून डोकं खाली करून लोंबकळायचं, आरशात बघत बोटांच्या पेरांनी बारीक स्क्रू फिरवायचे, आणि एखादा सुटून खालच्या काळ्या पाण्यात पडला की चुंबक फिरवूनही उपयोग नाही, कारण स्क्रू पितळी. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस जायचा. शेवटी मी मागच्या बिछान्याच्या गादीमागे, प्लायच्या भिंतीला फूट बाय दीड फुटाचं भोक कापलं, कडेला पट्टी मारून रबर लावलं आणि झाकण बसवलं. आता पंप समोर, हाताशी येतो. हे काम मी बोटीवर बसून एका जिगसॉने केलं. ते झाकण कारखान्यात सुरुवातीलाच बसवायला काय हरकत होती?

युरोपियन संघाच्या मनोरंजन नौकांच्या २०१३/५३ या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की इंजिनाच्या वारंवार तपासायच्या भागांपर्यंत सहज पोहोचता आलं पाहिजे. पण ‘सहज’ म्हणजे किती, हे कोण मोजणार? बोटीवर एक पाटी असते, तिच्यावर अक्षर असतं. ‘सी’ असेल तर सहा बोफर्ट (हे वाऱ्याच्या जोराचं माप) वारा आणि दोन मीटर उंचीच्या लाटांपर्यंतची रचना. विक्रेता ती पाटी कौतुकाने दाखवतो. बोट किती वारा सोसेल ते पाटी सांगते, बिघडल्यावर तुमचा हात कुठपर्यंत पोहोचेल ते सांगत नाही.

ही अडचण येते कशातून, तेही सांगतो. बोटीचं खालचं अंग आणि वरचं डेक हे फायबरचे दोन वेगळे साचे. खालच्या भागात इंजिन, टाक्या, नळ्या बसवायच्या, मग वरून डेक उतरवून कडा जोडून टाकायच्या. डिझेलची टाकी त्या वेळी आत जाते ती कायमची, कारण ती बाहेर येईल एवढं दार वर ठेवलेलंच नसतं. दहा-पंधरा वर्षांनी टाकी खालून गंजली, तर बोटीचं डेक करवतीने कापावं लागतं. त्यात ‘चौघे झोपतील’ हे जाहिरातीत लिहायचं असतं. तो चौथा बिछाना येतो इंजिनाच्या जागेतून. आमच्याकडे तो बसायच्या जागेच्या खाली, मधल्या पोकळीत आहे. तिथे मोठा माणूस उठून बसू शकत नाही, फक्त सरपटत आत जातो. त्या बिछान्यावर आजवर कुणी झोपलं नाही. दोऱ्या, बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फेंडर आणि ओले टॉवेल तेवढे तिथे पडलेले असतात. त्यासाठी इंजिनाची खोली दीड वीत अरुंद झाली.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. बोटीच्या बुडाला, पाण्याच्या रेषेखाली, भोकं असतात. इंजिनाचं पाणी, संडासाचं पाणी त्यांतून येतं-जातं. प्रत्येक भोकावर एक कॉक असतो, त्याला सीकॉक म्हणतात. नळी फुटली तर हा कॉक फिरवणे हाच बोट वाचवायचा पहिला उपाय. आमच्या बोटीत संडासाचा सीकॉक कपाटाच्या तळाखाली स्क्रूने बंद केलेला होता. पावसाळ्यासाठी बोट हायड्रा क्रेनने जमिनीवर घेतली तेव्हा मी तो काढायला गेलो आणि नळी बसवायचा त्याचा शेपटासारखा तुकडा पकडीतच मोडून हातात आला. मोडलेली कड पितळेसारखी पिवळी नव्हती, गुलाबीसर तांबूस होती. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका मित्राचा लेथ आहे, तिथे नेऊन त्यावर हलका कट घेतला. चांगल्या पितळेचा किस चकचकीत पिवळा पडतो. इथे हत्यार लागताच भुगा झाला, लाल मातीसारखा. साध्या पितळेत चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त झिजून निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं राहतं. बाहेरून आकार तसाच, ताकद शून्य. समुद्रात असताना हे मोडलं असतं तर काय, याचा हिशेब मी त्याच संध्याकाळी मांडला. दीड इंची भोक पाण्याखाली अर्धा मीटर असेल तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं. बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकतो तो बिल्ज पंप. आमच्या पंपाच्या पाटीवर ताशी ५०० गॅलन लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला तीस-बत्तीस लिटर, तेही बॅटरी भरलेली आणि नळी मोकळी असेल तर.

या कामाला कांस्य वापरतात किंवा जस्त न सोडणारं खास पितळ मिळतं. किमतीतला फरक अख्ख्या बोटीच्या मानाने नगण्य आहे. तरीही बनवणारे साधं पितळ का वापरत आले? कारण अशा जोडांसाठी असलेल्या आयएसओ ९०९३ या मानकाच्या १९९४ च्या आवृत्तीत ‘गंजरोधक’ची व्याख्या पाच वर्षं टिकण्यावर येऊन थांबत होती. पाच वर्षांनंतर बोट कुणाच्या तरी दुसऱ्याच्या दारात असते. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक जुन्या बोटी त्याच वयाच्या पुढच्या असतात, हे घेणाऱ्याने मनावर कोरून ठेवावं.

तो बिल्ज पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विचही अडकलेला सापडला. खालच्या पोकळीतलं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहावं म्हणून बारीक भोकं ठेवलेली असतात. ती लाकडाच्या भुशाने आणि फायबरच्या कपच्यांनी बुजलेली होती. हा कचरा बोट तयार झाली त्या दिवसापासूनचा. ओझरला पाळी संपताना प्रत्येक हत्यार मोजून पेटीत परत जायचं, एक वॉशर कमी पडला तर तो सापडेपर्यंत काम पुढे सरकत नसे. समुद्रात नेऊन सोडायच्या वस्तूच्या पोटात केर ठेवून वर डेक चिकटवून टाकणं हा मला निव्वळ अपराध वाटतो.

उकाड्याबद्दल थोडक्यात लिहितो. या बोटी थंड मुलखातल्या लोकांसाठी काढलेल्या असतात. मोठ्या काचा, त्यातल्या बऱ्याच न उघडणाऱ्या. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आमच्या केबिनमध्ये माणूस बसू शकत नाही. एसी धक्क्यावरच्या विजेवर चालतो आणि आमची बोट नांगरावर उभी असते, तिथे वीज कुठली? त्यावर आम्हाला सल्ला मिळाला की मागच्या फळीवर पेट्रोलचा छोटा जनरेटर ठेवा, रात्रभर एसी चालतो. हा सल्ला कुणीही मानू नये, ही हात जोडून विनंती. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो बोटीच्या मागच्या बाजूला साठून केबिनमध्ये ओढला जातो. २००० साली अमेरिकेत लेक पॉवेल जलाशयावर एका हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली साठलेल्या जनरेटरच्या धुराने पोहणारी दोन लहान भावंडं गेली. आम्ही जनरेटर घेतला नाही. छतावर दोन उघडणारी हॅच, म्हणजे झडपा, जास्तीची बसवली आणि सावलीसाठी वर कापड ताणलं.

नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जायची वाट हा बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. केबिन आतून रुंद दिसावी म्हणून बाजूने चालायची पट्टी वीतभरच ठेवलेली. कठडा अर्ध्यावर संपतो आणि पुढे हाताला काही नाही. नांगर टाकायला माणसाने तिथूनच जायचं. नांगराची साखळी ज्या कप्प्यात पडते तो इतका उथळ, की ढीग वर येऊन साखळी ओढायच्या यंत्रात अडकतो. लाटेवर गुडघे टेकून हाताने साखळी पसरवावी लागते. माझ्या सौभाग्यवतींनी एकदा हे पाहिलं आणि तेव्हापासून लाइफ जॅकेटशिवाय नाळेकडे कुणाला जाऊ देत नाहीत. त्यांचंच बरोबर आहे. वेग घेताना हीच नाळ एवढी वर उचलली जाते की सुकाणूवर बसलेल्याला समोरची छोटी होडी काही क्षण दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या आणि जाळी सगळीकडे. उभं राहून चालवण्याची नीट सोय नसलेली बोट मुंबईच्या आसपास घेऊच नये, असं माझं मत आहे.

नाशिककरांची आणखी एक अडचण आहे. समुद्र शांत असतो तो साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात बागेची छाटणी, फेब्रुवारीपासून काढणी. म्हणजे साडूंना वेळ नाही तेव्हाच बोटीचे दिवस असतात. बोट आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि उभ्या बोटीचं नुकसान चालवलेल्या बोटीपेक्षा जास्त. बुडाला कवचं धरतात, डिझेलच्या टाकीत पाणी सुटतं, बॅटऱ्या बसतात. बोटीचा पंखा फिरवणाऱ्या मागच्या ड्राइव्हचा रबरी भाता पाण्याखाली असतो, तो तडकला तर बोट उभ्या जागी बुडू शकते, म्हणून तो मुदतीत बदलायचा आणि त्यासाठी दर वेळी हायड्रा बोलवायची. एखादा पाना घरी राहिला तर कसारा घाट पुन्हा उतरायचा. पुरवणीतल्या लेखात खर्चाचा म्हणून जो आकडा आहे, त्यात यातलं काही धरलेलं नाही.

काही जण म्हणतात, मग गंगापूर धरणात ठेवू. शहर जे पाणी पितं त्यात संडास असलेली बोट ठेवायचा विचारही नको. तिथे शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होड्यांची मजा घ्यावी.

माझी मागणी विक्रेत्यांकडे आहे. बोट दाखवताना डेकची प्रत्येक फळी उचलून दाखवा. पाण्याखालच्या प्रत्येक भोकाचा नकाशा आणि कॉक कोणत्या धातूचा, हे लेखी द्या. टाकी बाहेर कशी काढायची ते सांगा. नोंदणीसाठी बोट तपासणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट आणि अग्निशामक मोजतात तसं सीकॉकपर्यंत हात पोहोचतो का, ते स्वतः हात घालून पाहावं. आमच्या तपासणीत ते कुणी पाहिलं नाही. कांस्याचे कॉक, झाकणांच्या चौकटी, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची बिजागरी हे सगळं अंबड-सातपूरच्या कारखान्यांत बनू शकतं. आमचे नवे कॉक तिथेच बनले आणि त्यांच्यावर मी दाब देऊन चाचणी घेतली आहे.

नाशिकमधलं कुणी बोट पाहायला जाणार असेल तर मला सांगावं. टॉर्च, आरसा आणि छोटी हातोडी घेऊन मी सोबत येईन, खर्च माझा मी करीन. माझा नंबर आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ
पाथर्डी फाटा, नाशिक