जेवणाचं कोण बघतंय?

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सांगितलंस की विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेकला कॅम्पिंगची साइट मिळाली, पाच कुटुंबं मिळून जाताय, आणि "जेवणाचं काय, ते बायका बघतायत." बाबा शेजारीच होते म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता लिहिते.

तू लहान असताना आपण शिकागोहून दर उन्हाळ्यात तिकडे जायचो. तुला आठवत असेल ते पाणी, हवेची ट्यूब आणि जळके मार्शमेलो. मला आठवतं ते पिकनिक टेबल. शुक्रवारी रात्री पावभाजी, शनिवारी सकाळी पोहे, ते आवरतंय तोवर छोले, आणि चार वाजले की कुणाला तरी कांदाभज्यांची हुक्की यायचीच. वाऱ्याने शेगडीची ज्योत एका बाजूला पळायची, कुकरची शिट्टी काही केल्या होत नसे. तेलकट पातेली घासायला नळावरून बादल्या आणायच्या. पुरुषमंडळी शेकोटी पेटवायची, ती पेटली की खुर्च्या टाकून बसायची, आणि "कॅम्पिंगमध्ये काय निवांत वाटतं ना" असं आम्हालाच सांगायची. तळं आम्ही पाहिलं ते कांदा चिरता चिरता, झाडांच्या फटींतून.

एका वर्षी तुझी एक मावशी आणि मी, सगळे झोपलेले असताना तळ्याच्या पूर्वेच्या कड्यावर, ईस्ट ब्लफवर, चढून गेलो. बॅलन्स्ड रॉकची वाट म्हणजे दगडी पायऱ्याच, चांगल्या खड्या. दगड गुलाबी-जांभळा, हाताला गार. दीडशे कोटी वर्षांहून जुना क्वार्टझाइट नावाचा कठीण खडक आहे तो. आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. वर पोचलो तर तळ्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या कड्याचा नुसता माथा दिसत होता. तेव्हा कुठे मला तळ्याची ठेवण समजली. दोन्ही बाजूंना पाचशे फुटांपर्यंतचे कडे, मधे नदीची जुनी घळ, आणि हिमयुगात हिमनदीने दोन्ही टोकांना दगडमातीचे बांध आणून टाकले, म्हणून पाणी अडलं. इतकी वर्षं येत होतो, पण हे वरून पाहायचं असतं, एवढंही कुणी बोललं नव्हतं. आम्ही उतरून आलो तेव्हा मंडळी खुर्च्यांवर उपाशी बसली होती. ब्रेडचं पाकीट टेबलावरच होतं.

म्हणून सांगते, जेवणाचं तू बघ. पाच घरं आहात तर एकेक जेवण एकेका घरातल्या पुरुषाकडे द्या, चिरण्यापासून घासण्यापर्यंत. भजी वगैरे मनातही आणू नका. कॉर्न भाजा, बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यात घाला, दहीभात चालतो. दशम्या आणि दाण्याची चटणी प्रवासाला उत्तमच, पण त्यासाठी केतकीला आदल्या रात्री बारापर्यंत लाटत बसावं लागणार असेल तर नकोच त्या. दुकानातल्या पोळ्यांनी कुणी मरत नाही. आणि शनिवारी सकाळी तिला एकटीला वर कड्यावर जाऊ दे. मुलं "आई कुठाय" म्हणून रडली तर रडू देत थोडी.

बाकीचं तुला माहीत आहे, तरी आईपणाने लिहिते. लाकडं घरून नेऊ नकोस. अ‍ॅश झाडं पोखरणारी कीड लाकडांतूनच पसरते, त्यामुळे विस्कॉन्सिनच्या पार्कांत बाहेरगावचं लाकूड चालत नाही. तिथल्याच जवळच्या दुकानातून घे. रात्री खायचं सगळं गाडीत बंद कर. तिथल्या रॅकूनना कूलरचं झाकण उघडता येतं, आणि आपल्या शेवेची चव त्यांना फार पूर्वीच लागली आहे. मुलं पाण्यात असतील तेव्हा दोघांपैकी एकाची नजर पाण्यावरच हवी, फोनवर नाही. पाऊस पडून गेला असेल तर वरच्या वाटेने नेऊ नकोस, तो दगड ओला झाला की शेवाळल्यासारखा घसरतो. त्यापेक्षा पश्चिमेकडची, पडलेल्या शिळांमधली किनाऱ्याची वाट घ्या. दक्षिण किनाऱ्याजवळ पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटा आहे, तिथल्या मूळ लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी रचलेला. आर्याला तो दाखव, पण त्यावर धावू देऊ नकोस. आणि तळ्याकाठून मालगाडी जाते ती रात्रीही जाते, तेव्हा धाकट्याला आधीच सांगून ठेव. तू त्या भोंग्याने उठून "बाबा, भूकंप" म्हणून ओरडला होतास.

रोज संध्याकाळी दोन्ही मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचिडी बघायच्या. हेही "केतकी बघेल" म्हणून सोडू नकोस.

परतताना टेंट ओला असेल तर तसाच गुंडाळून महिनाभर ठेवू नकोस, बुरशी येते. घरी आल्यावर गॅरेजमध्ये पसरून वाळव. तूच वाळव.

मुलांना पापा.

तुझी,
आई