इथला पितृपक्ष दोनच दिवसांचा

मनिला, २४ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही विचारलंत, फिलिपिन्समध्ये पितृपक्षासारखं काही असतं का. असतं, पण पंधरवडा नाही. १ आणि २ नोव्हेंबर, नाव 'उंदास'. पितर घरी जेवायला येत नाहीत. अख्खं घरच डबे, चटया, छत्र्या घेऊन थडग्यापाशी जातं आणि कित्येकदा रात्रभर तिथेच राहतं.

खरं काम आधीच्या आठवड्यातलं. मनिला नॉर्थ सिमेटरीसारख्या मोठ्या दफनभूमीत ऐन दिवसांच्या आधीच साफसफाई आणि रंगकाम थांबवतात, म्हणून उशीर चालत नाही. गवत उपटायचं, शेवाळ ब्रशने घासायचं, थडगं खडखडीत वाळू द्यायचं, मगच पांढरा रंग. पाऊस अजून सरलेला नसतो. ओल्या सिमेंटवर रंग मारला की फुगे येतात आणि पोपडे सुटतात. नावाची अक्षरं सर्वांत शेवटी, बारीक ब्रशने.

मेणबत्ती काचेच्या बरणीत लावलेली बरी, वाऱ्याने विझत नाही. थेट संगमरवरावर लावली तर मेण दगडात मुरतं. सांडलेलं मेण गरम असताना पुसू नये, पसरतं. थंड झालं की उलथण्याने सुटतं. पोरं ते गोळा करून, गोळे वळून विकतात!

फाटकावर झडती असते. दारू, पत्ते, सुऱ्या आत जात नाहीत, तेव्हा सगळं घरूनच कापून न्यायचं.

आई, तुझ्यासाठी 'बिको' या इथल्या गोड भाताची कृती. दोन वाट्या चिकट तांदूळ दीड वाटी पाण्यात शिजवायचे. दुसरीकडे चार वाट्या नारळाचं दूध आणि दोन वाट्या तपकिरी साखर दाट होईपर्यंत आटवायची, मग त्यात भात घालून मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळायचं. भात आधी पूर्ण शिजलेला हवा. साखरेत गेल्यावर कण पुढे शिजत नाही. नारळीभाताला तू हेच सांगतेस.

एक गोष्ट मात्र बोचते. ज्यांना जमीन परवडत नाही त्यांचे एकावर एक रचलेले कोनाडे असतात, लोक त्यांना 'अपार्टमेंट'च म्हणतात. सहसा पाच वर्षांचं भाडं. मुदत टळली की अस्थी काढून जागा दुसऱ्याला. म्हणून जुनी पावती जपावी लागते.

उत्तरेकडे इलोकोसमध्ये मृतांसाठी ताट मांडतात, त्याला 'आतांग' म्हणतात: भाताचे गोड पदार्थ, उकडलेलं अंडं, तंबाखू, उसाची दारू आणि चक्क सुपारीचा विडा. कावळ्याची वाट मात्र कोणी पाहत नाही.

तुमची,
लेक