इगोरोत भाषांची वाट दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या उत्तर भागात, कॉर्डिलेरा पर्वतात राहणाऱ्या इगोरोत लोकांवरचा माझा मराठी लेख अखेर पूर्ण झाला. निवृत्तीनंतरही आपण त्याचा प्रत्येक मसुदा बारकाईने वाचलात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र.

‘इगोरोत’ नावाची एकच भाषा नाही, येथूनच आपण सुरुवात केलीत आणि बोंतोक, कांकानाय, इबालोय, इफुगाव, कलिंगा, इस्नेग या भाषांची आपसातील नाती उलगडून दाखवलीत. बेंगेत प्रांतात इबालोय आणि कांकानाय शेजारी नांदतात. तरीही इबालोयचे जवळचे नाते सखल भागातील पंगासिनान भाषेशी आहे, तर कांकानायचे बोंतोकशी, आणि परस्परांशी बोलताना अनेकदा इलोकानो या उत्तर लुझोनमधील संपर्कभाषेचाच आधार घ्यावा लागतो. मग या लोकांना एकत्र बांधले कशाने, हा आपला प्रश्नच लेखाचा कणा ठरला.

त्याच्या उत्तरासाठी आपण मला कॉर्डिलेरातील चिको नदीकडे नेलेत. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (थोरले) यांच्या राजवटीत तिच्यावर धरणे बांधण्याचे ठरले, तेव्हा कलिंगा आणि बोंतोक गावे एकत्र आली. गावागावांमधील शांतता करारांची ‘बोदोंग’ ही कलिंगांची जुनी प्रथा या एकजुटीच्या कामी आली. कलिंगा नेते माक्लिइंग दुलाग यांची २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी हत्या केली, पण लोक मागे हटले नाहीत आणि त्या धरणांची योजना सोडून द्यावी लागली. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ‘इगोरोत’ या ज्या नावाखाली जिवंत माणसे प्रेक्षकांपुढे मांडली गेली, तेच नाव आज असंख्य लोक अभिमानाने लावतात, यामागे अशा लढ्यांचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. इफुगाव आणि कलिंगा यांपैकी पुष्कळ जण मात्र स्वतःच्या समूहाचेच नाव सांगणे पसंत करतात. त्यांच्या या निवडीचा लेखात मान राखला जावा, हा आपला आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

पेरणी-कापणीच्या वेळी इफुगाव स्त्रिया गातात त्या ‘हुदहुद’ गाथांना युनेस्कोने २००१ साली गौरवले. फिलिपिन्समधील प्राथमिक वर्गांतील मातृभाषा माध्यमाची सक्ती मात्र २०२४ च्या कायद्याने उठवली, आणि त्यामुळे वाटणारी काळजी आपण माझ्याआधी बोलून दाखवलीत. त्या विषयावर मला स्वतंत्रपणे लिहायचे आहे. त्या मसुद्यासाठीही आपला वेळ मिळावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी