घर आवरू नकोस म्हणणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काकू. मंडळाच्या हळदीकुंकवात तुम्ही विचारलंत, "सासरे कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." "बरे म्हणजे? आंघोळ कोण घालतं?" हातात वाण घेऊन मी तिथेच रडले.

इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, सासऱ्यांच्या देखभालीसाठी मदत मागायला मी आधी एकदा फोन केला होता. पहिला प्रश्न बचतीचा. आकडा ऐकून म्हणाले, मग खासगी बाई लावा. मी गप्प फोन ठेवला. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च आपला, पण म्हणून असेसमेंट, म्हणजे काय मदत लागते याची पाहणी, नाकारता येत नाही, हे तुम्ही सांगितलंत. केअर अॅक्ट २०१४, कलम ९. पुढच्या फोनला कागद समोर धरून मी ते वाचून दाखवलं.

मग तुमच्या तीन आज्ञा. आठवडाभर वही लिही. असेसमेंटच्या दिवशी घर आवरू नकोस. (पाहुणे येणार आणि घर आवरायचं नाही, हे सर्वांत जड गेलं.) आणि दुभाषी माग, तू मध्ये बोलू नकोस.

वहीत लिहिलं होतं, 'मंगळवार: शर्टाची बटणं, पंचवीस मिनिटं.' मला वाटायचं, लावतात ना शेवटी! पण फार वेळ लागत असेल किंवा दुखत असेल तर कायदा तेही 'जमत नाही'तच धरतो, हे मला कुठून कळणार?

कौन्सिलच्या सोशल वर्कर आल्या तेव्हा बाबा, म्हणजे सासरे, इस्त्रीच्या शर्टात बसलेले. "ऑल फाइन, ऑल फाइन." चहासुद्धा म्हणे स्वतः करतात. पक्षाघातानंतर किटलीला हात लावलेला नाही! मी वही पुढे सरकवली आणि तुम्ही सांगितलं होतं तशी स्वयंपाकघरात गेले. दुभाषी बाई फोनवर होत्या. पन्नास वर्षं इंग्लंडमध्ये काढलेले बाबा आजारानंतर मराठीतच बोलतात. दाराआडून ऐकू आलं: "संध्याकाळी सहानंतर मी पाणीच पीत नाही. रात्री सूनबाईला उठवायला लागतं." दोन वर्षं त्या घरात मी राहते आहे काकू, आणि मला हे माहीत नव्हतं. सुनेने विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही नसतं.

आता सकाळी केअरर येतो. संडासात धरायला दांडे बसले, उंच सीट आली, त्याचे पैसे पडले नाहीत. माझंही वेगळं असेसमेंट झालं, सांभाळणारी म्हणून. केअररचा चहा पाणचट असतो, ही बाबांची रोजची तक्रार.

आणि रात्री उशाशी तांब्याभांडं असतं. सकाळी ते रिकामं सापडतं.

तुमची,
वहीवाली