दिवा मालवून पाहणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मिरजेहून परत जाऊन आठवडा झाला, तरी ती संध्याकाळ मनातून जात नाही, म्हणून हे जाहीर पत्र. लोको पायलटसमोरच्या, म्हणजे रेल्वे इंजिनाच्या चालकासमोरच्या, नव्या पडद्याचा आराखडा तुम्ही करता आहात; त्यावर काय दिसावे आणि काय दिसू नये, एवढे विचारण्यासाठी तुम्ही माझ्यासारख्या निवृत्ताचे घर शोधत आलात.

विचारणारे पूर्वीही आले होते. सेवेत असताना एकदा लॉबीत, म्हणजे चालक कामावर हजेरी लावतात त्या खोलीत, इंजिनातल्या तयार पॅनेलची छायाचित्रे आणि ‘आवडले का?’ असा छापील कागद आमच्यापुढे ठेवला गेला. गाडीची वेळ झालेल्या माणसाने ‘हो’वर खूण केली, की मत घेतल्याची नोंद होत असे. मी मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या कोणी वाचल्या असतील, असे मला आजही वाटत नाही.

तुम्ही आवडीनिवडीचे विचारलेच नाही. पुण्याकडे जाताना आदर्कीच्या घाटात, पावसाळी रात्री, गाडी उतरवताना नजर कुठे होती आणि हात कशावर होता, हे विचारलेत. सांगता सांगता माझे मलाच उमगले की वेगाचा आकडा मी क्वचितच वाचत असे. काटा किती कलला हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळे आणि नजर बाहेर सिग्नलवरच राही. गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी 2020 मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’मुळे सिग्नलचा रंग इंजिनातच दिसण्याची सोय झाली, हे उत्तमच, पण आत पाहण्याजोगे जितके वाढेल, तितके बाहेरचे सुटण्याची भीतीही वाढते. चालक जागा आहे ना, हे तपासणाऱ्या सतर्कतेच्या उपकरणाचा बझर आम्हाला झोपेतही ओळखू येतो, तेव्हा त्याच्यासारखा आवाज दुसऱ्या कशालाही देऊ नका, हेही तुम्ही माझ्याच शब्दांत लिहून घेतलेत.

पण खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. रात्री पडद्याचा उजेड समोरच्या काचेवर पडतो आणि सिग्नल झाकतो, असे मी म्हणालो, तेव्हा तुमची लेखणी थांबली. तुम्ही उठलात, खोलीतली ट्यूब बंद केलीत, लॅपटॉप उचलून खिडकीच्या बंद काचेसमोर धरलात आणि माझ्या खुर्चीशेजारी वाकून बाहेर पाहू लागलात. समोरच्या घरावरचा दिवा तुमच्या आराखड्यातल्या पिवळ्या चौकटीमागे नाहीसा झाला होता. ‘काका, आता दिसले,’ एवढेच तुम्ही म्हणालात. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझे बोलणे कोणी असे पडताळून पाहिले नव्हते. अंधार होता म्हणून माझे डोळे भरलेले तुम्हाला दिसले नाहीत, ते बरेच झाले.

सुधारलेला आराखडा घेऊन याल तेव्हा दुपारी चारच्या सुमारास या. मिरजेहून पुण्याकडे जाताना मावळतीचे ऊन डावीकडून, म्हणजे चालकाच्याच बाजूने, आत येते. आमच्या पश्चिमेच्या खिडकीपाशी टेबल ओढले, की तेही पाहून घेता येईल.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त लोको पायलट, मिरज