एअर ग्राइंडरसाठी मागितलेल्या तेलाऐवजी दगडखाणीतल्या यंत्रांचे तेल पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (वंगण विभाग)

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
दि. 29 जुलै

संदर्भ: आमची 2 जुलैची ऑर्डर, 20 लिटरचे 3 कॅन, आपले 24 जुलैचे उत्तर

महोदय,

‘तुमच्या एअर लाइनमध्ये पाणी येते, त्यामुळे टूल जाम झाले, तेलात दोष नाही,’ असे आपण दोन ओळींत उरकले आहे. तेलात दोष आहे असे मी कुठे म्हटले होते? तेल चांगलेच असेल. ते माझ्या कामाचे नव्हते आणि तुमच्या माणसाने ते माझ्या कामाचे म्हणून माझ्या गळ्यात मारले, एवढीच माझी तक्रार आहे. म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

आमचे फेटलिंग शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवरचे (ओतीव भागांवरचे) रनर-रायझरचे, म्हणजे साच्यात धातू जाण्या-साठण्याच्या वाटांचे बुडखे उडवायचे आणि फ्लॅश, म्हणजे कडेला आलेला पातळ जादा धातू, घासून काढायचा, हे काम. 11 एअर ग्राइंडर (दाबाच्या हवेवर चालणारे), 3 चिपिंग हॅमर, लाइनला 6 बार हवा. ग्राइंडर मिनिटाला 22 हजार फेऱ्यांचे आहेत. हे सगळे मी 2 जुलैला फोनवर तुमच्या विक्री प्रतिनिधीला सांगितले, आधी आम्ही व्हीजी 32 (व्हीजी म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा ग्रेड) वापरत होतो हेही सांगितले. त्यावर उत्तर आले, “शेठ, 32 म्हणजे पाणी हो. आमचं हेवी ड्यूटी घ्या, जाड तेल, टूलचं आयुष्य वाढतं.” कॅन आले त्यावर ‘न्यूमॅटिक टूल ऑइल, हेवी ड्यूटी’ एवढेच छापलेले आणि शेजारी इम्पॅक्ट रेंचचे झकास चित्र. ग्रेडचा आकडा कुठेही नाही.

4 तारखेला लुब्रिकेटरमध्ये, म्हणजे टूलला जाणाऱ्या हवेत तेल सोडणाऱ्या भांड्यात, तेल भरले. 6 तारखेला सकाळी आमचे सर्वांत जुने कारागीर म्हणाले, “मालक, ग्राइंडर दमल्यागत करतोय.” दुपारपर्यंत दोन ग्राइंडर चालूच होईनात. हातोडीच्या दांड्याने बॉडीवर टिचकी मारली की सुरू व्हायचे, ठेवून पुन्हा उचलले की गप्प. मी एक्झॉस्टसमोर पांढरा कागद धरला. तेल नीट जात असेल तर कागदावर जेमतेम जाणवेल इतका ओलसरपणा येतो. इथे आधी काहीच नाही, मग एकदम वाटाण्याएवढे दोन थेंब. ग्राइंडर खोलला, तर रोटरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) खाचांमध्ये फायबरची ब्लेडं चिकटून बसलेली. रॉकेलमध्ये धुऊन ती नखाने उचकटावी लागली.

चार फोन आणि दोन मेलनंतर तुमची डेटा शीट मिळाली. 40 अंशाला 98 सेंटीस्टोक (घट्टपणाचे माप). म्हणजे हे व्हीजी 100 झाले, आमच्या आधीच्या तेलापेक्षा तिप्पट घट्ट. आणि ‘उपयोग’ या रकान्यात काय, तर जॅकहॅमर आणि रॉक ड्रिल! खाणीत ते उत्तम चालत असेल, तिथे दणके सोसायला जाड आणि चिकट तेलच लागते. ग्राइंडरची ब्लेडं मात्र मुख्यतः फिरण्याच्या जोरावर खाचेतून बाहेर सरकतात. शिवाय हवा मोटरमध्ये प्रसरण पावताना गार पडते, टूल हातात धरल्यावर कळते ते. 40 अंशाला 100 असलेले तेल 20 अंशाला साधारण 300 च्या घरात जाते. लुब्रिकेटरमध्ये त्याचे नीट धुके होत नाही, ते होजमध्ये साचते आणि गोळा होऊन टूलमध्ये जाते. हे मी तुम्हाला शिकवावे, याचीच गंमत वाटते.

आता पाण्याचे. जुलैत कोल्हापुरात हवेला पाणी असणारच. म्हणून टाकी सकाळ-संध्याकाळ ड्रेन होते, हवा कोरडी करणारा ड्रायर आहे, प्रत्येक टेबलाला एफआरएल (हवा गाळणारा, दाब नेमणारा आणि तेल देणारा संच) आहे. याच लाइनवर व्हीजी 32 वर सहा पावसाळे काढले. 9 तारखेला ड्रायर अर्धा दिवस बंद होता हे खरे आहे आणि तुमच्या इंजिनियरला ते मीच सांगितले. पण पहिला ग्राइंडर अडकला तो 6 तारखेला. माझी चूक वेगळी आहे: टूल मंदावल्यावर मी लुब्रिकेटरचे थेंब वाढवले आणि दुखणे वाढवून घेतले. डेटा शीट आधी मागितली नाही, हीही चूक. ती मी पदरात घेतो, म्हणून वाया गेलेल्या दोन दिवसांच्या कामाचे पैसे मागत नाही.

बदली म्हणून तुम्ही जे सिंथेटिक तेल देऊ करता आहात, ते कृपया पाठवू नका. त्याच्या शीटवर एस्टर बेस (एस्टर नावाच्या रसायनापासून केलेले तेल) लिहिले आहे. आमच्या एफआरएलचे बाउल पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे आणि ओ-रिंग नायट्राइल रबराच्या. एस्टरने बाउलला बारीक चिरा जातात, ओ-रिंग फुगतात. 6 बारखाली बाउल फुटला तर तो कारागिराच्या तोंडासमोर फुटतो.

दोन कॅन सीलबंद आहेत, तिसऱ्यात 17 लिटरच्या आसपास शिल्लक आहे. तिन्ही परत न्या आणि त्यांचे 16,200 रुपये द्या. ब्लेडचे चार सेट बदलावे लागले, प्रत्येकी 1,350 प्रमाणे 5,400 रुपये. एकूण 21,600. बिलांच्या प्रती सोबत आहेत. आणि कॅनवर व्हीजीचा आकडा मोठ्या अक्षरात छापा. ‘हेवी ड्यूटी’ वाचून ग्राइंडरवाल्याने काय समजायचे?

काम काय आहे ते सांगून, विक्रेत्याच्या सल्ल्यावर विसंबून माल घेतला तर तो त्या कामाला योग्य असला पाहिजे, असे 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 16 सांगते, हे आमच्या वकिलांनी दाखवले. त्यांच्याकडे जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र. 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, फोन नको. फोनवरच तर हे सगळे झाले.

टेम्पो पाठवणार असाल तर सोमवार सोडून पाठवा, सोमवारी आमची सुट्टी असते. नाव, पत्ता बिलावर आहे.

आपला,
फेटलिंग शॉपचा मालक