परत येणाऱ्यांची ओळ कुठाय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला परदेशी जाण्याच्या फायद्या-तोट्यांचा लेख दोनदा वाचला आणि आज सकाळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. सात फायदे आणि चार तोटे असं कोष्टक दिलंय, पगार, हवा, दवाखाने, पीआर (तिथे कायमचं राहायचा परवाना) सगळं आहे त्यात, पण जाऊन परत यायचं झालं तर काय, ही ओळच नाही.

लेखाची सुरुवात तुम्ही आपल्या वडोदऱ्यापासून केलीत. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं, हे वाचून बरं वाटलं. पण तिथेच थांबलात. करारात लिहिल्याप्रमाणे संस्थानची नोकरी करायला ते १९१७ मध्ये इथे परत आले तेव्हा काय झालं? एवढं शिकून आलेल्या माणसाला याच गावात राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं आणि शेवटी कमाटीबागेत झाडाखाली बसायची वेळ आली. मी सकाळी त्याच बाजूला फिरायला जाते, तिथलं त्यांचं स्मारक, संकल्पभूमी, रोज दिसतं. त्यांचं दुःख जातीचं होतं, आमच्या घरच्या गोष्टीशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही आणि मी ती करतही नाहीये. माझं म्हणणं एवढंच की पाठवलं त्याचं कौतुक छापता, तर परत आल्यावर गाव कसं वागलं तेही छापायला पाहिजे होतं.

आता आमचं सांगते. माझी मुलगी इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून बीकॉम करून २०२२ मध्ये कॅनडाला गेली, ओंटारियोत सप्लाय चेनचा दोन वर्षांचा कोर्स, थोडे पैसे माझ्या पीएफचे आणि बाकी बँकेचं लोन. ब्रॅम्प्टनला चार मुली मिळून एका बेसमेंटमध्ये राहायच्या, कॉलेज झालं की गोदामात रात्रपाळी, उणे वीसमध्ये पहाटे बसस्टॉपवर उभी राहून व्हिडिओ कॉल करायची आणि मी इकडे चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे. पण शिकली हो पोरगी. नंतर त्याच गोदामात माल किती आला, किती गेला, कुठल्या रॅकवर काय आहे ते सगळं सॉफ्टवेअर सांभाळायला लागली, तिच्या हाताखाली सहा माणसं होती. मग पीआरचा हिशोब बिघडत गेला. पीआर पॉइंटवर मिळतो, त्याचा कटऑफ पाचशेच्या वर, नोकरीच्या ऑफरचे जे पॉइंट मिळतील म्हणून ती वाट बघत होती ते २५ मार्च २०२५ पासून बंदच केले, आणि पुढे तिशी लागली की वयाचे पॉइंटही दरवर्षी कमी होणार. वर्क परमिट अजून दीड वर्षाचं शिल्लक होतं. तरी तिने स्वतः बसून आकडे मांडले आणि म्हणाली, आई मी येते. कोणी हाकललं नाही, काही चूक केली नाही, विचार करून आली.

आणि इथे? शेजारपाजारचे, नातेवाईक, भाजीवाल्या मासी, सगळ्यांचा एकच प्रश्न, "पाछी केम आवी?" म्हणजे परत का आली? लग्नाच्या बोलण्यांतही तेच, जणू काहीतरी लपवतोय आम्ही. ते एक वेळ सोडा. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेली, तिथल्या साहेबांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "त्यां सेट ना थयुं?" म्हणजे तिकडे जमलं नाही का, आणि कॅनडाचा अनुभव आपल्याकडे कामाचा नाही म्हणून फ्रेशरचा पगार सांगितला. गेली तेव्हा तिकडचे म्हणायचे इंडियाचा अनुभव चालत नाही, कॅनेडियन एक्स्पिरियन्स आणा. आता त्यांनी तरी चूक मान्य केली, ओंटारियो सरकारने १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीत कॅनडाचा अनुभव मागायला बंदी केलीय. आपल्या पोरीला आपल्याच गावात हे कोण म्हणणार? त्या दिवशी घरी येऊन ती काही बोलली नाही, तिच्या खोलीत जाऊन कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. मी दारात उभी होते. एवढा राग मला कॅनडाचा कधी आला नव्हता.

परदेशी जाऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाठवीन. पण जायचं की नाही ठरवताना घरातल्यांनी हेही ठरवायला पाहिजे की आली तर आपण तिला कसं घेणार, आणि हे तुमच्यासारख्या पेपरने लिहिलं तर लोक वाचतील, मी सांगून कोण ऐकतंय.

अजून एक, लेखाच्या खालीच अर्धं पान जाहिरात आहे, '१००% व्हिसा गॅरंटी'. व्हिसा द्यायचा की नाही ते त्यांचा अधिकारी ठरवतो, एजंट गॅरंटी कुठून देणार? आम्हालाही अलकापुरीच्या एका ऑफिसात असंच सांगितलं होतं, पहिल्या वेळी रिजेक्ट झाला तेव्हा फोन उचलेनात आणि फी गेली ती गेलीच. जाहिरातीचे पैसे तुम्हाला लागतात हे कळतं, पण निदान त्याच पानावर नको.

आणि कोष्टकातली एक चूक. कॅनडाच्या खर्चात जीआयसीचे, म्हणजे जायच्या आधी तिथल्या बँकेत ठेवायच्या ठेवीचे, २२,८९५ डॉलर एका ओळीत आणि पहिल्या वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च दुसऱ्या ओळीत धरून दोन्हींची बेरीज केलीय. जीआयसी म्हणजे फी नाही. ते मुलाचेच पैसे असतात, तिथे पोचल्यावर थोडे लगेच आणि बाकीचे दर महिन्याला बँक परत देते, त्यातूनच भाडं आणि किराणा भागतो. आमच्या वेळी ते दहा हजार डॉलर होते तेव्हा मीही असंच दोनदा मोजून घाबरले होते. ही दुरुस्ती उद्याच छापा, कारण आमच्या वाड्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी तुमचं कोष्टक कापून ठेवलंय आणि बुधवारी ते बँकेत लोनचा आकडा सांगायला जाणार आहेत.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा